साट्याचा इतिहास

श्रोतेहो, लाखनीकडचा मुलूख धानाचा. दिवाळीत चिरोट्यांसाठी तुम्ही तांदळाची पिठी तुपात फेसून साटा करता ना? सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात फेनिका सांगितली. तिच्या पदरांतही तांदळाचे पीठ नि तूप, नाव सट्टक! आपला साटा त्याच घराण्यातला दिसतो.

मैद्यात चिमूटभर मीठ हवेच, त्याशिवाय वरची पिठीसाखर खुलत नाही. साटा लावलेल्या पोळ्या एकावर एक रचून घट्ट गुंडाळा, कापा, मंद आचेवर तळा. लाटताना मात्र जोर नको. पदर मिटले की उरतो नुसता गोड पापड!

हल्ली चिरोटे विकत मिळतात. साट्याचे प्रमाण आजीच्या बोटांत असते, कागदावर नाही. गुरुजी, यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वी मुलांना ते विचारून वहीत उतरवायला सांगा.