बलूचे भाऊ आणि पाटीवरचा वाटा

भंडारा जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा वर सिवनीकडून येते. रुडयार्ड किपलिंगने १८९४ सालच्या 'द जंगल बुक'मध्ये मोगली आणि बलू अस्वल यांना त्याच सिवनीच्या रानात वसवले. या अस्वलाच्या नावाचे एक अक्षरवळणही आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने २०१६ च्या सुमारास 'बलू' हा फाँट सर्वांसाठी मोफत खुला केला. जाडजूड, गुबगुबीत, गोल कोपऱ्यांचा हा फाँट मथळे, पाट्या आणि फलक यांसाठी घडवलेला आहे.

देवनागरी अक्षर जाड करणे सोपे नाही. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. रेघ फुगवली की अक्षराच्या आतली पोकळी बुजते आणि 'क्ष' किंवा 'ळ' नुसता ठिपका दिसू लागतो. म्हणून प्रत्येक अक्षर नव्याने तोलावे लागते. बलूच्या कर्त्यांनी हे काम एका लिपीपुरते ठेवले नाही. गुजराती बलूला त्यांनी 'भाई' म्हटले, बंगालीला 'दा', मल्याळमला 'चेट्टन', तमिळला 'तंबी', गुरुमुखीला 'पाजी' आणि उर्दूला 'भाईजान'. लिपी वेगळ्या, पण सगळ्यांचे वजन सारखे.

या सारखेपणाचे मोल इतिहासात पाहिले की कळते. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि शिशाच्या सुबक खिळ्यांनी मराठीला देखणे रूप दिले. उर्दूची नस्तलीक लिपी उतरत जाणारी, तिरक्या बैठकीची. ती चौकोनी खिळ्यांत नीट बसेना. त्यामुळे उर्दू दीर्घकाळ कातिबाच्या हातावर आणि शिळाछापावर जगली. १९८१ मध्ये 'नूरी नस्तलीक' संगणकावर आली तेव्हा कुठे चित्र बदलू लागले. शेजारी राहणाऱ्या दोन भाषा छपाईत मात्र वेगळ्या घरांत वाढल्या.

त्या एका पाटीवर आल्या की वाद होतो. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दू ठेवण्यास हरकत नसल्याचे सांगितले आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही स्पष्ट केले.

न्यायालय पाटीवर जागा देऊ शकते. त्या जागेतला मान पाटी करणारा ठरवतो. मराठी ठसठशीत आणि उर्दू कोपऱ्यात काडीसारखी बारीक, अशी पाटी कायद्याने चालेल, पण वाचणाऱ्याला आपण परके आहोत असेच वाटेल. भंडारा असो वा पातूर, फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकावर बलू आणि भाईजान दोघेही फुकट उतरवता येतात. आपल्याकडे भाऊबंदकी वाट्यावरून होते. इथे वाटा सारखा करायला कुणाचे काही कमी करावे लागत नाही.