लव्हज लेबर लॉस्ट
‘ईआर’ या अमेरिकन वैद्यकीय मालिकेच्या पहिल्या पर्वातील भाग. एनबीसी वाहिनीवरील प्रसारण ९ मार्च १९९५. शिकागोच्या काउंटी जनरल रुग्णालयात डॉ. मार्क ग्रीन (अँथनी एडवर्ड्स) एका गर्भवतीला मूत्राशयाचा संसर्ग समजून घरी पाठवतो. प्रत्यक्षात तिला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणातील रक्तदाबाचा घातक विकार, असतो. थोड्याच वेळात तिला झटके येतात. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकतो. प्रसूतितज्ज्ञाची वाट पाहून ग्रीन स्वतःच तिचे पोट उघडतो. बाळ वाचते, आई दगावते. ग्रीन निष्काळजी नाही, कसबी आहे. म्हणूनच ही चूक पाहणाऱ्याला हादरवते. पुढे तो खटल्याला सामोरा जातो, आत्मविश्वास गमावतो. लेखक लान्स जेंटिल स्वतः आपत्कालीन विभागातले डॉक्टर. जेंटिल आणि दिग्दर्शिका मिमी लेडर या दोघांनाही या भागासाठी एमी पुरस्कार मिळाला.