टंचाई गेली, कार्ड राहिलं

आमच्या घरी रेशनचं धान्य येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी आई रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवते. "पत्ता दाखवायला लागतं," म्हणते. मी सॉफ्टवेअरवाला. माणसाची ओळख कशी तपासायची, याचे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे एक प्रश्न डोक्यात राहिला: धान्य वाटण्यासाठी काढलेला कागद माणसाची ओळख कधी होऊन बसतो? वाचता वाचता पोचलो हाँगकाँगला.

१९४१ मध्ये या ब्रिटिश वसाहतीत साधारण १६ लाख माणसं होती. त्या डिसेंबरात जपानने ती जिंकली. जपानी प्रशासनाने माणशी रोज सुमारे २४० ग्रॅम तांदूळ ठरवला. तोही पुरेना, तेव्हा खाणारी तोंडंच कमी करायचं ठरलं. लाखो लोकांना चीनमध्ये हाकललं गेलं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा जेमतेम ६ लाख लोक उरले होते.

ब्रिटिश परतले आणि गेलेली माणसंही परतू लागली. महिन्याला लाखभर. १९४७ संपेपर्यंत लोकसंख्या १८ लाख झाली. हाँगकाँगच्या डोंगराळ जमिनीत एवढ्यांपुरता तांदूळ पिकणं शक्यच नव्हतं. तो युद्धाआधी ब्रह्मदेश, सयाम आणि इंडोचायनातून यायचा. आता तिथली शेती, रेल्वे, बंदरं मोडकळीला आली होती. ब्रिटनने १ जानेवारी १९४६ च्या तहात सयामवर १५ लाख टन तांदूळ फुकट देण्याची अट लादली. पण फुकट तांदूळ बाजारात आणतो कोण? त्याच वर्षी ब्रिटनला त्याचे पैसे मोजायला तयार व्हावं लागलं. जगभरातला शिल्लक तांदूळ कुठल्या देशाला किती, हे वॉशिंग्टनमधली आंतरराष्ट्रीय समिती ठरवू लागली.

हिशेब सोपा आणि भयंकर आहे. वर तांदूळ, खाली माणसं. वरचा आकडा हजारो मैलांवर ठरतो. खालचा रोज वाढतो, कारण सीमा उघडी आहे. चिनी माणूस कामासाठी, लग्नासाठी, सणाला सहज ये-जा करायचा. युद्धाच्या तोंडावर निर्बंध आणायचा एक प्रयत्न झाला होता, तेवढाच. शिवाय गोदीत आणि बाजारात माणसं हवीच होती. म्हणून सरकारने रेशनिंग आणि भावनियंत्रणावर भागवलं.

मग चीनमधलं यादवी युद्ध दक्षिणेकडे सरकलं आणि निर्वासितांचे लोंढे आले. ऑगस्ट १९४९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. फोटो, अंगठ्याचा ठसा आणि हातात कागदी ओळखपत्र. सरकारने कारणं दिली दोन: कायदा-सुव्यवस्था, आणि गरज पडली तर अन्नवाटप. यादी तयार झाली, आणि 'आपले' कोण हे पहिल्यांदाच कागदावर आलं.

मे १९५० मध्ये पुढचं पाऊल पडलं. जेवढे बाहेर जातील, साधारण तेवढेच आत घ्यायचे. चीनच्या नव्या सरकारने निषेध केला. पण तोवर लोकसंख्या २० लाखांच्या पुढे गेली होती.

इथे मी अडकतो. यादीशिवाय वाटप करायचं तर दांडग्याला दोन पोती आणि म्हातारीला काहीच नाही. मुंबईतही १९४३ मध्ये, याच साम्राज्याच्या काळात, रेशनिंग आलं आणि कार्डावर अनेक घरांच्या चुली पेटल्या. म्हणजे मोजणं वाईट नाही. जपान्यांनीही तोंडं मोजली, ब्रिटिशांनीही मोजली. हाकलणं आणि भरवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. तरी भरवण्यासाठी केलेली यादी दार लावायलाही तेवढीच उपयोगी पडते. प्रोग्रॅम लिहिताना हे मी रोज बघतो. एका कामासाठी बनवलेला तक्ता उद्या दुसरं कोणीतरी दुसऱ्याच कामाला जोडतं. तक्ता तक्रार करत नाही.

हाँगकाँगमधली तांदळाची टंचाई पुढे संपली. ओळखपत्र मात्र आजही तिथे प्रत्येक प्रौढ रहिवाशाला जवळ बाळगावं लागतं.

परवा आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कार्ड परत पिशवीत घातलं आणि म्हणाली, "म्हणून तर सांगते, हरवू नको."