शब्दवेध : समिती

‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘इ’ या धातूचा अर्थ जाणे. या दोन्हींतून ‘समिती’ घडली. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन कन्या आहेत. संसदेत आजही या बहिणी एकत्र नांदतात. सभागृहात भाषणे गाजतात, हिशेबाचे कागद उलगडतात ते समितीत. लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात : लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७. मंत्र्याला तिथे जागा नाही. १९६७पासून अध्यक्षपद संकेताने विरोधकांकडे असते. महालेखापरीक्षकांचा अहवाल पुढ्यात ठेवून सचिवांना बंद दाराआड विचारले जाते, मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला? समोर कॅमेरे नसल्याने पक्षीय आवेश ओसरतो, खासदार खऱ्या अर्थाने एकत्र येतात. म्हणूनच महत्त्वाची विधेयके त्यांची छाननी करणाऱ्या संसदीय समित्यांना वळसा घालून घाईने मंजूर होणे लोकशाहीला परवडणारे नाही.