डायलवरचा हिरवा पट्टा

हंगामात दिंडोरीहून द्राक्षे भरलेले ट्रक नाशिक, कसारा घाट करत मुंबईकडे निघतात. यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या डायलवर हिरवा पट्टा असतो. काटा त्यात राहिला की डिझेल कमी जळते, एवढाच त्याचा अर्थ. पण चालक हे सांगणे कितपत मानतो? यंत्रापेक्षा या प्रश्नाचा इतिहास आम्हांला अधिक बोलका वाटतो.

यंत्र तसे जुनेच. पेट्रोल इंजिनात हवा आत नेणाऱ्या नळीतील निर्वात मोजणारा मापक पूर्वीपासून मिळे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, निर्वात घटतो, काटा खाली येतो. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडपच नसे, म्हणून ट्रक आणि एस.टी.ला हा मापक निरुपयोगी. त्यांच्यासाठी इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा काटा आला, आणि त्यावर हिरवा पट्टा.

अशा साधनांकडे जगाचे लक्ष वळले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ स्थापन झाला. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालवा, हा त्याचा सल्ला. त्यामागचे गणित वर्गात सहज करता येईल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेल्यास त्या विरोधावर दर किलोमीटरला सुमारे पावणेदोनपट ऊर्जा खर्च होते.

चालक मात्र डायलपेक्षा कानावर भरवसा ठेवतो. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलणे ही त्याची विद्या. काट्याने ती शिकवावी, हे त्याला रुचत नाही. २००८ मध्ये निसानने जास्त दाबताच पायाला उलट रेटा देणारे पेडल जाहीर केले. ते बंद करण्याची सोयही ठेवावी लागली! २०१६ च्या महिंद्राच्या ब्लाझो ट्रकने वेगळी वाट धरली. त्यात टर्बो, हेवी आणि लाइट असे पर्याय देऊन निवड चालकावरच सोपवली. आम्हांला ही वाट अधिक शहाणपणाची वाटते. तरी एक अडचण उरतेच. डिझेलचे पैसे मालक देतो; चालकाला मिळतो तो खेपेचा मोबदला आणि वेळेत पोचण्याचा तगादा. लाइटवर ठेवून त्याचा फायदा काय?

जिथे चालक स्वतःहून डिझेल वाचवायला जातो, तिथे तर कानाची विद्या घातही करते. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, ही समजूत पक्की आहे, कारण आवाज मंदावतो. प्रत्यक्षात न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतेच. गिअरमध्ये असताना मात्र चाकेच इंजिन फिरवतात. पाय उचलला की इंधनाचा पुरवठा थांबतो, आणि इंजिन गाडीला मागे धरते. क्षणोक्षणीचे मायलेज दाखवणाऱ्या गाडीत तो आकडा अशा वेळी एकदम वर जातो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की त्यांची पकड सुटते. दिंडोरीचा ट्रक कसारा घाट उतरतो तो भरलेला, आणि चढतो तो बहुधा रिकामा.