‘ऱ्य’चं दाक्षिणात्य घराणं

सदाशिव पेठेतल्या मंगल कार्यालयात आचारीही असतात आणि आचार्यही. दक्षिणा द्यायची आचार्यांना, सामानाची यादी द्यायची आचाऱ्यांना. कानाला फरक चटकन कळतो: पहिल्या शब्दात ‘चा’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. कागदावर मात्र एकीकडे डोक्यावरचा रफार आणि दुसरीकडे ‘य’ला डावीकडून चिकटलेली छोटी आडवी रेघ, एवढाच भेद. दर्या-दऱ्या ही अशीच जोडी. पायऱ्या, कैऱ्या, कुऱ्हाड, वऱ्हाड या शब्दांनाही ही रेघ लागते. हिंदीचं तिच्यावाचून अडत नाही, मराठीचं अडतं. तरीही संगणकात तिला जागा मिळाली ती दक्षिणेकडच्या एका अक्षराच्या नावावर.

पेठेतल्या डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट अक्षराचा आकार तेवढा ओळखत. प्रत्येक कंपनीने ही रेघ आपापल्या क्रमांकावर बसवलेली. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांची खिचडी होई.

भारतीय लिप्यांना सामाईक क्रमांक देणारं ‘इस्की’ हे कोष्टक १९९१ मध्ये ‘आयएस १३१९४’ या नावाने भारतीय मानक झालं. त्याचं तत्त्व सोपं होतं: ब्राह्मीच्या सगळ्या लेकींना एकच तक्ता. देवनागरी ‘क’चा जो क्रमांक, तोच कन्नड ‘क’चा. आता तक्ता सामाईक म्हटल्यावर दाक्षिणात्य भाषांमधला दुसरा, कठोर ‘र’ही त्यात हवा. तमिळ आणि मल्याळममध्ये तो आजही नांदतो. जुन्या कन्नडमध्ये होता, आधुनिक कन्नडने सोडला. देवनागरीत त्याच्यासाठी नुक्ता दिलेला ‘ऱ’ ठेवला. मराठीला हा पूर्ण ‘ऱ’ एरवी लागतच नाही. त्यामुळे त्याचं अर्धं रूप रिकामंच होतं. तिथे आपली आडवी रेघ बसवली गेली.

जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीचाच क्रम उचलला, फक्त प्रत्येक लिपीला १२८ घरांची स्वतंत्र चाळ दिली. देवनागरीपासून कन्नड सातवी, म्हणून दोघींतलं अंतर ७ गुणिले १२८, म्हणजे ८९६. देवनागरी ‘र’ २३५२ वर, कन्नड ‘र’ ३२४८ वर. आपला ‘ऱ’ २३५३ वर, तर कन्नडचा तो जुना ‘र’ ३२४९ वर. ‘ऱ्य’ साठवताना संगणक तीन क्रमांक लिहितो: २३५३, मग हलन्ताचा २३८१, मग ‘य’चा २३५१. आडव्या रेघेला स्वतःचा क्रमांक नाही. ती या जुळणीतून फॉन्ट काढतो.

घोळ पुढे आहे. युनिकोडच्या १९९६ मधल्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून आणखी एक रीत मान्य आहे: साधा ‘र’, हलन्त, ८२०५ क्रमांकाचं न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही रूपं हुबेहूब सारखी, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. एका रीतीने लिहिलेला ‘पायऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधला तर साध्या शोधात सापडत नाही. शिवाय मजकूर इकडून तिकडे नेताना एखादी प्रणाली ते अदृश्य चिन्ह गाळून टाकते. मग उरतो साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’. त्याचा रफार होतो आणि आचाऱ्यांची यादी आचार्यांच्या हाती पडते.

म्हणून दोन रीतींपैकी पहिलीच धरावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’ची कळ म्हणजे ‘ऱ’, ‘डी’ म्हणजे हलन्त आणि तिरक्या रेघेची कळ म्हणजे ‘य’. प्रकाशकांनी, वृत्तपत्रांनी आणि शब्दकोश करणाऱ्यांनी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना सगळे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ याच रीतीत आणावेत. नाहीतर मजकूर असूनही शोधणाऱ्याला मिळणार नाही.