दोलामुद्रिते आणि पाळण्यातले मूल

युरोपात इ. स. १५०१ पूर्वी छापलेल्या ग्रंथांना पाळण्याच्या अर्थाचे लॅटिन नाव आहे. आपल्याकडील ‘दोलामुद्रित’ हा शब्द त्याच कल्पनेवर घडला. बालरोगांवरील पहिली छापील पुस्तके मुद्रणकलेच्या या पाळण्यातच जन्मली, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

पाओलो बाजेल्लार्दो या वैद्याचे लॅटिन पुस्तक १४७२ साली पादुआ येथे छापले गेले. बालरोगांवरचा हा पहिला मुद्रित ग्रंथ. त्यातील पुष्कळ ज्ञान अर-राझी व इब्न सिना यांच्याकडून आलेले. पुढच्याच वर्षी आउग्सबुर्ग येथे मेटलिंगर या वैद्याचे पुस्तक निघाले, तेही थेट जर्मन भाषेत. इंग्लंडात १५४४ साली टॉमस फेअर याने इंग्रजीत असे पुस्तक लिहिले. हा गृहस्थ वकील आणि व्हर्जिलचा भाषांतरकार. वैद्यकाचे ज्ञान लॅटिनच्या कुलपात राहू नये, असा त्याचा आग्रह होता.

संग्राहकांना ही पुस्तके क्वचितच गवसतात. विद्वानांचे जाड ग्रंथ कपाटात सुखरूप राहतात. घरगुती उपयोगाचे छोटे पुस्तक मात्र हाताळून हाताळूनच संपते. जुन्या मुद्रितांत मुखपृष्ठाची प्रथा नव्हती. आपल्या पोथ्यांप्रमाणे स्थळ-काळ शेवटच्या पुष्पिकेत असे. म्हणून शेवटचे पान गेले की पुस्तकाची ओळखच जाते. कार्ल झुडहॉफ यांनी १९२५ साली या आद्य पुस्तकांच्या प्रतिकृती प्रसिद्ध केल्या, तेव्हा कुठे ती सामान्य अभ्यासकाच्या हाती आली.

आपल्याकडे कौमारभृत्य हे आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग. तरी त्यावरची ‘काश्यपसंहिता’ छापली गेली ती १९३८ साली, मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयात. आधार होता नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित ताडपत्र पोथीचा. ती पोथी कोणी जपली नसती, तर आज तो ग्रंथ केवळ नावाने उरला असता.

इंदूर, बडोदे, बेळगाव येथील आपल्या जुन्या घरांतही पूर्वजांनी आणलेल्या पेट्या आहेत. त्यांत बाळगुटीच्या कृतींचे एखादे मोडी बाड वा फाटके शिळाछाप पुस्तक निघाले, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, समासातील टिपणे पुसू नयेत आणि कोणत्या घरातून ते आले, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. एखाद्या आजीने समासात लिहिलेले मात्रेचे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.